बाबांची पवनचक्की आणि ब्रदर टलीची कुऱ्हाड

वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा वेल्डन गावातल्या माणसांनी तळघरात उतरायला हवं होतं. ती निघाली ऑर्व्हिल स्टामच्या गव्हाच्या शेताकडे. कोणी पिकअपमधून, कोणी पायी, दोन बायका तर घडीच्या खुर्च्या काखेत मारून. नैर्ऋत्येला आभाळ हिरवट काळं पडलं होतं, वारा एकाएकी थांबला होता, आणि शेताच्या कडेला साठएक माणसं गोळा होऊन वाट बघत होती. वादळाची नव्हे, प्रार्थनेने वादळ वळवतो म्हणणाऱ्या ब्रदर टलीची.

त्या गर्दीत मीही होते. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई तिथं काय करत होती, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. माझी मुलगी डार्ला पहिल्या रांगेत उभी होती आणि तिच्या कडेवर दोन वर्षांची हॅटी होती. डार्ला शेताला लागूनच, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहते. पूर्वी आभाळ नुसतं गुरगुरलं तरी ती पोरीला उचलून माझ्या तळघरात यायची. गेल्या वर्षभरात एकदाही आली नव्हती. ब्रदर टली असताना तळघर कशाला, असं ती म्हणायची.

भोंगा सुरू झाल्यावर बरोबर अकरा मिनिटांनी ब्रदर टली आपल्या घरातून बाहेर आला. घड्याळ बघायची मला शाळेपासूनची सवय आहे. पांढरा सदरा, दुमडलेल्या बाह्या, खांद्यावर कुऱ्हाड. घर शेतापासून चाळीस पावलांवर, पण ती चाळीस पावलं तो अशा काही चालीने आला की बघणाऱ्याला वाटावं माणूस देवाची आज्ञा घेऊन थेट सिनाई पर्वतावरून उतरतोय.

"भावांनो, बहिणींनो," त्याने सुरुवात केली, "हवामानवाले रडारात बघतात. मी वर बघतो. त्यांच्या रडारला वीज लागते. माझा देव वीज मागत नाही, तो वीज पाडतो."

लोक खूश होऊन हसले. हेच वाक्य मी आधी चार वेळा ऐकलं होतं आणि चारही वेळा लोक असेच हसले होते.

मग कुऱ्हाड. आमच्याकडे जुन्या शेतकरी घरांत ही पद्धत होतीच. वादळ येताना दिसलं की अंगणात कुऱ्हाड रोवायची, पातं वादळाकडे करून. ढग त्या धारेवर चिरतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो, असं म्हणत. टलीने नवीन काही शोधलं नव्हतं. पणज्याच्या काळची अडगळीत पडलेली समजूत त्याने झटकून, पुसून पुन्हा वापरात काढली एवढंच. त्याने दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली, ओल्या मातीत घातली, दांड्यावर कपाळ टेकलं आणि डोळे मिटले.

"दिसतंय," तो पुटपुटला. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढा होता. "मला एक पवनचक्की दिसतेय. म्हाताऱ्या माणसाची पवनचक्की. देव म्हणतोय, तिच्यापासून दोन मैल उत्तरेला. तिकडून जाऊ दे त्याला. आमच्या लेकरांना हात लावू नकोस."

दहा मिनिटांनी ढगाची सोंड खाली उतरली. बरीच दूर होती, वायव्येला. मोकळ्या कुरणावरून वळवळत उत्तरेकडे गेली, कोणाचं तरी कुंपण आणि गवताची एक गंजी घेऊन विरून गेली. गर्दीने सोडलेला श्वास मला ऐकू आला. म्हातारा ऑर्व्हिल चिखलात गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. "ती प्रुइटांची पवनचक्की," तो सगळ्यांना सांगत सुटला. "ती पडून चाळीस वर्षं झाली. हा माणूस तीन वर्षांपूर्वी आला. याला कशी दिसली ती? सांगा ना, याला कशी दिसली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण प्रुइट आमचंच आडनाव. डार्लाच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, आजोबांची पवनचक्की," ती म्हणाली. "आता तरी मानशील?"

ब्रदर टलीला ती पवनचक्की कशी दिसली हे त्या शेतात फक्त मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ती पवनचक्की आमच्या जुन्या शेतावर होती. मी तेरा वर्षांची आणि माझा भाऊ वेंडेल सोळाचा असताना एका मे महिन्यात टोर्नेडो, म्हणजे ढगातून सोंडेसारखं उतरणारं भोवऱ्याचं वादळ, आला. आईने आम्हा दोघांना तळघरात ढकललं. बाबांनी अंगणात कुऱ्हाड रोवली आणि ओसरीवर उभे राहून वादळ बघत राहिले. बघत राहायची ही खोड आमच्या सगळ्या मुलखाला आहे. भोंगा झाला की माणूस आधी बाहेर येऊन आभाळ बघतो, शेजाऱ्याला हाक मारून दाखवतो, आणि मग वेळ उरलाच तर खाली जातो. बाबांना वेळ उरला नाही. संध्याकाळी आम्ही वर आलो तेव्हा पवनचक्की आडवी होती आणि बाबा तिच्याखाली होते.

तेव्हापासून वेंडेलने एकच ध्यास घेतला. हवामान कार्यालयाचं शिक्षण घेऊन तो टेहळणी करणारा झाला. रडार आभाळात फिरणारा वारा दाखवतं, पण खाली जमिनीवर खरोखर काय उतरलंय ते सांगायला डोळे लागतात, आणि आमच्या भागाचे डोळे म्हणजे वेंडेल. इशारा आला की तो पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर दुर्बीण आणि बिनतारी संच घेऊन उभा राहतो. गावाचा भोंगाही त्याच्याच हातात. आणि तीस वर्षं एक सवय त्याला सोडता आलेली नाही. तो अंतर मोजतो ते बाबांच्या पवनचक्कीपासून. जिथं आता नुसता बाभळीसारख्या काटेरी झुडपांचा पुंजका आहे, तिथून. कार्यालयाला तो रस्त्याचे नंबर सांगतो, पण घरच्यासारखं बोलायला लागला की तोंडात येतं, "बाबांच्या पवनचक्कीच्या दोन मैल उत्तरेला."

साऱ्या जगात असं बोलणारा दुसरा माणूस नाही.

मी शेतातून थेट त्याच्या घरी गेले. तो नुकताच टेकडीवरून उतरला होता आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच गार झालेला मक्याचा पाव खात होता. मी बसले नाही. ब्रदर टलीला तू सांगतोस का, एवढंच विचारलं.

त्याने तोंडातला घास गिळला. नाही म्हणाला नाही. एक खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "दार लाव."

मग त्याने सगळं सांगितलं. इशारा येतो तो मोठ्या टापूसाठी. पाचसहा गावं त्यात बसतात, टोर्नेडो जातो त्यातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून, कधी एखाद्या गावावरून, बहुतेक वेळा कोणावरूनच नाही. भोंगा वाजल्यावर दहाएक मिनिटं टेकडीवरून बघितलं की वादळाचा कल कळतो. मग तो संचाच्या एका वेगळ्या वाहिनीवर टलीला सांगायचा. बाजूने जाणार असेल तर टली कुऱ्हाड घेऊन बाहेर यायचा. अंगावर येईल अशी शंका असेल तर टलीने लोकांना सांगायचं, आज देव परीक्षा घेतोय, आज खाली जा. असा त्यांचा करार होता.

"का?" मी विचारलं.

"कारण माझं कोणी ऐकत नाही, लॉर्ना. तीस वर्षं मी त्या टेकडीवर भिजतोय. भोंगा वाजवला आणि वादळ चुकलं की दुसऱ्या दिवशी दुकानात माझी टिंगल. काय वेंडेल, पुन्हा उगाच पळवलंस आम्हाला. भोंगा ऐकून अर्धं गाव टीव्हीचा आवाज वाढवतं. आणि तो उपटसुंभ येतो, एक शब्द बोलतो, आणि सगळे मान डोलावतात. म्हटलं, माझं नाही ऐकत तर त्याच्या तोंडून माझं ऐकू देत. तीनदा तो खाली जा म्हणाला आणि तीनदा माणसं गेली. मी वाजवलेल्या भोंग्याने तेवढी कधी गेली नव्हती."

"आणि बाकीच्या वेळी ती उघड्यावर उभी राहतात. माझी नात उभी राहते."

"बाकीच्या वेळी ते बाजूने जातं. मला कळतं ते."

"प्रत्येक वेळी?"

वादळ वळण घेतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"बाबांनीही कुऱ्हाड रोवली होती, वेंडेल," मी म्हणाले. त्यावर तो उठला आणि सिंककडे तोंड करून उभा राहिला. रविवारी चर्चमध्ये उभा राहून हे सगळं सांग, अशी मी त्याला विनवणी केली. तो म्हणाला, सांगितलं तर लोक टलीचंही ऐकणार नाहीत आणि माझंही नाही, मग खरं संकट आलं तर त्यांना खाली कोण घालणार. त्याचं हे बोलणं त्याला स्वतःलाच पटत होतं याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी डार्लाला घेऊन त्याच्याकडे गेले. मला वाटलं, माझ्याशी वाद घालेल, पण भाचीसमोर खोटं बोलायचा नाही. डार्लाला बाप नाही म्हटलं तरी चालेल. तिला सायकल शिकवली ती वेंडेलने, लग्नात बापाच्या जागी हात धरून वेदीपर्यंत नेलं ते वेंडेलने. तो टेबलाशी बसून संचाची बॅटरी साफ करत होता.

"मामा," डार्लाने विचारलं, "तू ब्रदर टलीला वादळाची दिशा सांगतोस का?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मग बॅटरीकडे.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या आईला पहिल्यापासून त्याचा राग आहे. तिला काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं असेल."

परतीच्या वाटेवर घरापाशी उतरताना डार्ला एवढंच म्हणाली, की आई, एखाद्याचं चांगलं झालेलं तुला बघवत का नाही. त्या रविवारी ती जेवायला आली नाही, पुढच्याही नाही. टलीने मला फसवलं नव्हतं, कारण मी त्याच्यावर कधी विश्वासच ठेवला नव्हता. मला फसवलं ते माझ्या सख्ख्या भावाने, माझ्या मुलीच्या तोंडावर, आणि मला वेड्यात काढून.

प्रत्येक इशाऱ्याची वेळ मी एका वहीत टिपून ठेवत असे, ती वही काढली. तीन वर्षांत नऊ इशारे आले होते. सहा वेळा कुऱ्हाड रोवली गेली आणि सहाही वेळा ती भोंग्यानंतर दहा ते तेरा मिनिटांनी. एकदाही आधी नाही. ज्याला देव दाखवतो त्याने भोंग्याआधी यायला काय हरकत होती? उरलेल्या तीन वेळा परीक्षा. गावाच्या लक्षात त्या सहा वेळा राहिल्या होत्या, या तीन ते विसरलं होतं. ही वही मी चर्चच्या पाद्रीबुवांना दाखवली, दुकानात दाखवली. लोक हसून पानं उलटत आणि पवनचक्कीचं विचारत. त्या पवनचक्कीपुढे माझी मिनिटं टिकली नाहीत. याच लोकांनी मागच्या वर्षी शाळेत भक्कम आसरा बांधायचा ठराव मतदानात पाडला होता, आणि उलट वर्गणी काढून टलीच्या घरामागे जमिनीखाली पोलादी खोली बसवून दिली होती. टली तिला प्रार्थनेची खोली म्हणायचा.

बारा दिवसांनी तो दिवस आला.

सकाळीच हवामान कार्यालयाने सांगितलं होतं, की दक्षिणेच्या आखातावरून येणारी दमट हवा, पश्चिमेची कोरडी हवा आणि वर जोरात वाहणारा वारा दुपारनंतर आमच्याच डोक्यावर एकत्र येणार आहेत. दुपारी शक्यतेची सूचना आली, म्हणजे तयारीत राहा. आम्ही शाळा लवकर सोडली. चार वाजून वीस मिनिटांनी इशारा आला, म्हणजे आता निघा. भोंगा सुरू झाला. माझ्या घरचं तळघर उघडं ठेवून मी गाडी काढली आणि स्टामच्या शेताकडे गेले.

गर्दी जमलेलीच होती. आता तिला टलीने बोलवायची गरज उरली नव्हती, भोंगा झाला की पाय आपोआप तिकडे वळत. घडीच्या खुर्च्याही आल्या होत्या. डार्लाने मला बघून तोंड फिरवलं. दहा मिनिटं झाली, तेरा झाली. टली आला नाही. कोणी म्हणालं, आज जास्त प्रार्थना करतोय. ऑर्व्हिल त्या दिवशी स्वतःच्या घरची कुऱ्हाड घेऊन आला होता, मदतीला म्हणून.

पावसाच्या पडद्यामागून सोंड बाहेर आली. खरं तर सोंड नव्हतीच, आभाळापासून जमिनीपर्यंत एक काळी भिंत होती. मी मुलांना एक गोष्ट दर वर्षी शिकवते. टोर्नेडोमागची एखादी खूण धरा. तो खुणेच्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल तर तो तुमच्या बाजूने चाललाय. सरकत नसेल आणि नुसता मोठा होत असेल तर तो तुमच्याकडे येतोय. मी दूरच्या धान्याच्या कोठाराची खूण धरली. तो सरकत नव्हता.

"डार्ला, हा अंगावर येतोय," मी तिचा दंड धरला. "चल."

"ब्रदर टली आला नाही अजून."

तेवढ्यात टेकडीवरून वेंडेलचा पिकअप हॉर्न दाबून धरत आला आणि गव्हातच घुसला. टेहळणीची जागा सोडून तो तीस वर्षांत कधी खाली आला नव्हता. तो टपावर चढला.

"ऐका माझं," तो ओरडला. "त्याला काही दिसत नाही. कधी दिसलं नाही. दिशा मी सांगायचो. प्रत्येक वेळी मी सांगायचो. पवनचक्कीही मीच सांगितली. सात मिनिटांपूर्वी मी त्याला सांगितलंय, हे सरळ गावावर येतंय, माणसं खाली घाल. तो म्हणाला घालतो. चर्चच्या तळघरात चला. आठ मिनिटं आहेत."

कोणी हललं नाही. मग मागून कोणीतरी विचारलं, "मग ब्रदर टली कुठाय?"

"खाली," वेंडेल म्हणाला. "त्याच्या खोलीत."

त्यानंतर माणसं धावली. पिकअप भरले, खुर्च्या तिथंच पडल्या. वेंडेलने आठ म्हातारी माणसं मागे चढवली. ऑर्व्हिल मात्र हलेना. वेंडेल खोटारडा आहे, हे मी आधीही म्हणायचो, असं काहीतरी बडबडत तो आपली कुऱ्हाड मातीत घालत होता. दोघांनी त्याला ओढलं, त्याने दोघांना झिडकारलं, आणि कोणाकडेच तिसऱ्यांदा ओढायला वेळ नव्हता.

डार्ला धावली, पण गाडीकडे नव्हे. ती टलीच्या घरामागे धावली. चाळीस पावलांवर पोलादी खोली असताना चर्चपर्यंत कशाला जायचं, असं तिला वाटलं. आणि मला वाटतं, तिला त्याच्या तोंडून खरं काय ते ऐकायचं होतं. मी तिच्यामागे धावले, कारण हॅटी तिच्याजवळ होती.

दार आतून बंद होतं. डार्लाने मुठींनी ठोकलं. "ब्रदर टली, मी डार्ला. माझ्याजवळ हॅटी आहे. दार उघडा."

आतून माणसाचा आवाज आला नाही. बिनतारी संचाची खरखर आली, आणि त्या खरखरीतून माझ्या भावाचा आवाज. त्याने पिकअपमधून आम्हाला तिकडे धावताना पाहिलं असावं. "टली, दार उघड," पोलादाच्या पलीकडे वेंडेल बोलत होता. "माझी बहीण आहे तिथं. पोरगी आहे. टली, दार उघड."

डार्लाने ठोकायचं थांबवलं. तिचा मामा त्या खोलीच्या आतून बोलत होता. ती माझ्याकडे वळली. तो चेहरा मी तिचा बाप सोडून गेला तेव्हाही पाहिला नव्हता. कडी वाजली नाही. आत तो होता, बारा माणसांची जागा होती, आणि त्याने आमच्यासाठी हात वर केला नाही.

गाडीने जायची वेळ निघून गेली होती. मी दोघींना रस्त्याकडेच्या खोल चरात ढकललं, पालथं पाडलं, हॅटीला मध्ये घेतलं आणि डोक्यावर हात धरायला सांगितलं. हा उपाय शेवटचा आहे. तळघर नाही, भक्कम इमारत नाही, गाडी काढायला वेळ नाही, तेव्हाचा. पुलाखाली जायचं नाही, झाडाखाली नाही, पत्र्याच्या घरात तर नाहीच. मी वर्गात हे खडूने लिहून देते. चरात पाणी होतं, माझ्या तोंडात चिखल गेला, आणि वर काय चाललं होतं ते मी बघितलं नाही. मला फक्त हॅटीचा हुंदका माझ्या छातीखाली लागत होता, आणि तो लागतोय तोवर ठीक आहे, एवढंच मी म्हणत होते.

उठलो तेव्हा डार्लाचं घर नव्हतं. घराखालचे टेकू आणि एक नळ तेवढा होता. चर्चचं छप्पर गेलं होतं, पण तळघरातली सगळी माणसं जिवंत होती. शाळेच्या तीन भिंती पडल्या होत्या. त्या दिवशी मुलं घरी होती म्हणून, नाहीतर मी ही हकीकत लिहू शकले नसते.

ऑर्व्हिल शेताच्या दुसऱ्या टोकाला सापडला. त्याची कुऱ्हाड मात्र जिथं रोवली होती तिथंच होती, सरळ उभी, पातं नैर्ऋत्येला. आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालंच, की बघा, कुऱ्हाड हलली नाही.

तेव्हा माझा तोल सुटला. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की अरे, अंगठ्याएवढा दांडा आणि ओल्या चिकणमातीत वीतभर रुतलेलं पातं. वाऱ्याने धरायचं काय त्यात? माणसाला धरायला मात्र छाती आहे, पाठ आहे, सदरा आहे. कुऱ्हाड वाचली आणि ऑर्व्हिल गेला, यातला चमत्कार कुठला ते तूच सांग. तो खाली मान घालून निघून गेला.

ब्रदर टली वादळाच्याच दिवशी, तासाभराने वर आला होता. सदरा तसाच पांढरा. मी आत तुमच्यासाठीच प्रार्थना करत होतो, असं तो म्हणाला. समोर डार्ला उभी होती, नखशिखांत चिखलाने माखलेली.

"आतून कडी लावून?" तिने विचारलं.

इतकी वर्षं तो बोलला, पण या एका प्रश्नाची तयारी त्याने केली नव्हती. तो राक्षस नव्हता, असं मला आता वाटतं. साधा भित्रा माणूस होता. दार उघडलं असतं तर साठ जण आले असते आणि बारा जणांची जागा होती. त्याला मरायची भीती वाटली, जशी सगळ्यांना वाटते. फरक एवढाच की आमच्या भीतीवर तो तीन वर्षं जेवला होता. अंधार पडायच्या आत तो गाव सोडून गेला. शेजारच्या राज्यात कुठंतरी तो पुन्हा कुऱ्हाड रोवतो, असं कानावर येतं.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात सभा झाली. मी वही वाचून दाखवली आणि या वेळी कोणी हसलं नाही. वेंडेल उभा राहिला. त्याने करार सांगितला, वाहिनी सांगितली, पवनचक्की सांगितली, भाचीशी खोटं बोललो तेही सांगितलं. त्याने माफी मागितली नाही, मागायला तोंड नाही म्हणाला. शाळेच्या आसऱ्याचा ठराव पुन्हा आला आणि एकही मत विरोधात गेलं नाही. ऑर्व्हिलची मुलगीही मत द्यायला आली होती.

टेकडीवर अजून वेंडेलच उभा राहतो, कारण त्याच्याएवढे डोळे दुसऱ्या कोणाचे नाहीत. तो जागा सोडून खाली आला नसता तर गावातली निम्मी माणसं आज नसती, हे मला माहीत आहे. त्यानेच त्यांना तिथं उभं राहायची सवय लावली, हेही माहीत आहे. या दोन्हींची वजाबाकी मला जमत नाही. तो संचावर बोलतो ते मी ऐकते. आता तो रस्त्यांचे नंबर सांगतो. बाबांच्या पवनचक्कीचं नाव घेत नाही. डार्ला आणि हॅटी माझ्याकडेच राहतात. भोंगा झाला की आम्ही तिघी आधी खाली उतरतो आणि मग काय ते बोलतो.

माझं सांगणं फार मोठं नाही. नऊ वेळा भोंगा वाजला आणि नऊ वेळा वादळ चुकलं, तरी दहाव्या वेळी खाली जा. भोंगा खोटा पडला असं म्हणू नका. तुम्ही सुटलात, असं म्हणा. आणि वादळ थांबवतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका, देवाचं नाव काढू नका, फक्त त्याच्या घरामागे जाऊन बघा. तो दिवस मला अजून आठवतो. टलीची पोलादी खोली ट्रकवरून उतरत होती आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होतो. दाराला आतून जाड कडी होती, ती उन्हात चमकत होती. जो वादळ वळवतो त्याला तळघर कशाला हवं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा तिथं होते, आणि मीसुद्धा विचारलं नाही.